उसना आवाज, स्वतःचे सोंग : किशोरवयीनांच्या लघुचित्रफितींचा विचार

किशोरवयीन मुले आणि डिजिटल माध्यमे यांच्या संबंधाची मराठीतील चर्चा बहुधा व्यसन आणि संस्कार या दोन शब्दांभोवतीच फिरते. मुले काय व किती वेळ पाहतात याची चिंता केली जाते. ती काय घडवतात याची समीक्षा मात्र क्वचितच होते. गंगापूर तालुक्यातील वाळूज औद्योगिक परिसराचा विचार करताना ही उणीव विशेष जाणवते. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी येथे कामासाठी गावोगावहून आलेली कुटुंबे राहतात. अशा वसाहतीतील मुलाच्या दृष्टीने हातातला मोबाइल हे चित्रपटगृहही असते आणि रंगमंचही.

लघुचित्रफितीत आवाज बहुधा दुसऱ्याचा असतो. ओठ, चेहरा आणि देह मुलाचा. ही निव्वळ नक्कल म्हणून बाजूला सारणे घाईचे ठरेल. याच जिल्ह्यातील पैठणच्या संत एकनाथांची भारुडे चार शतकांहून अधिक काळ अशाच रीतीने जगली. शब्द नाथांचे, सोंग सादर करणाऱ्याचे. उसन्या शब्दांत स्वतःचा हावभाव मिसळणे ही लोककलेची जुनीच रीत होय.

तथापि हे साम्य फार ताणता येत नाही. भारुडाचा श्रोता समोर बसलेला असतो. तो हसतो, कंटाळतो, उठून जातो आणि सादर करणारा त्यानुसार बदलतो. रीलचा प्रेक्षक मात्र बव्हंशी कंपनीचा अल्गोरिदम निवडतो, आणि कोणता आवाज घ्यावा हेही पुष्कळदा चलतीवरच ठरते. परिणामी पाठीमागे कारखान्याचा भोंगा वाजत असला, घरात परभणी-जालन्याकडची बोली चालत असली, तरी चित्रफितीत ती ऐकू येत नाही. या प्रकाराची खरी मर्यादा ही आहे. टीकाकार ज्यावर नाक मुरडतात ते नाचणे नव्हे.

दुसरा प्रश्न जतनाचा. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. तिच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. मात्र त्या माध्यमावर मुलांनी रचलेले सारे काही भारतातील प्रेक्षकांपुरते नाहीसे झाले. जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या; प्रकार पुढे चालू राहिला, जुने काम मागेच राहिले. वैयक्तिक विदेच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेला कायदा १८ वर्षांखालील मुलांच्या विदेसाठी पालकांची संमती आवश्यक मानतो, परंतु त्यांच्या निर्मितीच्या जतनाबाबत काही सांगत नाही. भारुडे बाडांत आणि तोंडी परंपरेत टिकली. ज्या मुलाने आपल्या चित्रफितीची प्रत मोबाइलमध्ये ठेवली नाही, त्याचे ते सोंग आता अभ्यासकाला पाहताही येत नाही.