दुष्काळाच्या दृश्यांतील रंगजुळणी आणि पाण्याचा रंग

आदिनाथ कोठारे दिग्दर्शित 'पाणी' हा मराठी चित्रपट १८ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रदर्शित झाला. पर्यावरणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला २०१९ मध्येच जाहीर झाला होता. नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडी या गावाने पाण्यासाठी केलेले प्रयत्न हा त्याचा आधार आहे. या कथावस्तूच्या निमित्ताने कलर ग्रेडिंगमधील एका प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एकच प्रसंग कधी कडक उन्हात, तर कधी ढगाळ हवेत तुकड्यातुकड्याने चित्रित होतो. प्रेक्षकाला मात्र तो सलग वाटावा लागतो. त्यासाठी कलरिस्ट एक शॉट प्रमाण मानतो आणि इतर शॉटमधील उजेडाची पातळी वेव्हफॉर्मवर, त्वचेचा रंग व्हेक्टरस्कोपवर त्याच्याशी पडताळून पाहतो. आधी संतुलन, मग जुळणी व शेवटी एकूण रंगछटा, असा हा सर्वसाधारण क्रम होय. मराठवाड्यात काळी जमीन प्रकाश शोषून घेते, तर तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाचे धोतर दुपारच्या उन्हात झळकते. मातीचा पोत दिसावा म्हणून उजेड वाढविला की धोतराच्या चुण्या नाहीशा होतात.

दुष्काळ म्हणजे पिवळसर तपकिरी छटा, हा संकेत पडद्यावर चांगलाच रुळला आहे. त्या छटेखाली शॉटमधील फरक झाकले जातात, हे त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे. परंतु त्यासोबत पाण्याचा रंगही झाकला जातो. गढूळ हंडा आणि निवळ हंडा सारखेच दिसू लागतात. गावात पाणी नाही म्हणून जिथे लग्न अडते, त्या कथेत हा फरक पुसणे म्हणजे कथाच पुसणे होय. शेवटी एकदम हिरवी छटा देऊनही हे नुकसान भरून निघत नाही, कारण पाणलोटाची कामे हळूहळूच फळतात.

माहितीपटात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. अशा टंचाईचे चित्रण वाहिन्यांचे कॅमेरे आणि मोबाइल वेगवेगळ्या व्हाइट बॅलन्सवर करतात. ते एकत्र जुळविताना पाण्यालाच प्रमाण धरून सर्व चौकटीतील पिवळेपणा काढला, तर पाण्याचा गढूळपणाही जातो आणि पुरावाच नष्ट होतो. प्रमाण धरायचे ते पांढऱ्या भिंतीला किंवा कापडाला. (बोअरच्या पाण्यात धुतलेले कापड पांढरे उरलेले नसते, ही अडचण निराळीच.) तेही चौकटीत नसेल तेव्हा चेहऱ्याच्या त्वचेवर विसंबावे लागते, आणि शेजारच्या शॉटशी थोडा विसंगत वाटला तरी तो शॉट तसाच ठेवावा लागतो.