छबिलदास रंगमंच : एका संज्ञेची चिकित्सा

‘छबिलदास चळवळ’ ही संज्ञा समीक्षेत रूढ झाली आहे. परंतु तीत वास्तू आणि नाट्यप्रवृत्ती यांची सरमिसळ होते. १९७१ साली स्थापन झालेल्या ‘आविष्कार’ने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग आरंभिले. मात्र तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ मध्येच रंगभूमीवर आणले होते. तेव्हा प्रायोगिक नाटक या सभागृहाने जन्मास घातले, असे म्हणता येणार नाही. त्याने दिले ते सान्निध्य आणि सातत्य. प्रेक्षक निकट बसल्याने स्वरफेकीचा अभिनिवेश अनावश्यक ठरला. अल्प खर्चामुळे अपयश परवडू लागले. अपयशाची ही मुभा हेच त्याचे खरे ऋण होय. म्हणूनच ते सभागृह सुटल्याची हानी केवळ भावनिक मानणे आम्हांस सयुक्तिक वाटत नाही.