टीआरपी घसरला म्हणजे नेमकं काय घसरलं?

'घटती दर्शकसंख्या : कारणे व उपाय.' या साच्यातला सिनॉप्सिस तुम्ही लिहिला नसेल, तर पेट परीक्षेत तुमच्या शेजारी बसलेल्याने नक्की लिहिला असेल. विषय कुठलाही असू दे. वाचक, प्रेक्षक, मतदार, चिमण्या. घट झालीय हे धरून चालायचं आणि थेट कारणांच्या यादीकडे जायचं. आज या साच्याशी भांडायचं आहे आणि त्यासाठी उदाहरण घेतलंय अमेरिकेतल्या दुपारच्या मालिकांचं. त्यांच्या घसरणीचे कित्येक दशकांचे आकडे उपलब्ध आहेत, त्यावर चांगली पुस्तकं आहेत, आणि तरीही सगळ्यात जास्त वेळा दिलं जाणारं स्पष्टीकरण साध्या कालक्रमाच्या चाचणीतही पास होत नाही.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत 'सोप ऑपेरा' म्हणजे सोमवार ते शुक्रवार, दुपारी, वर्षानुवर्षं चालणारी मालिका. साबण कंपन्या प्रायोजक, म्हणून सोप. (आपल्या आई-मावशीच्या पिढीला यातली 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' आठवत असेल, नव्वदच्या दशकात ती स्टार प्लसवर लागायची.) 'गायडिंग लाइट' १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ साली टीव्हीवर आली आणि १८ सप्टेंबर २००९ रोजी संपली. ७२ वर्षं! पुढच्याच वर्षी 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' गेली, २०११ मध्ये 'ऑल माय चिल्ड्रन', जानेवारी २०१२ मध्ये 'वन लाइफ टू लिव्ह'. त्यानंतर मोठ्या नेटवर्कवर फक्त चार मालिका उरल्या.

का? तर म्हणे बायका नोकरीला लागल्या, दुपारी घरी कोण असतं? ऐकायला एकदम पटतं. आता आकडे बघा. १६ वर्षांवरच्या अमेरिकन स्त्रियांपैकी श्रमबाजारात असलेल्यांचं प्रमाण १९७० मध्ये ४३ टक्क्यांच्या आसपास होतं, १९८० मध्ये ते ५१ टक्क्यांच्या पुढे गेलं. म्हणजे सगळ्यात वेगवान वाढीच्या काळातलं हे दशक. आणि याच दशकात मालिका काय करत होत्या? अर्ध्या तासाच्या एका तासाच्या होत होत्या! 'अनदर वर्ल्ड' १९७५ मध्ये तासाभराची झाली, मग 'डेज ऑफ अवर लाइव्ज', 'ऑल माय चिल्ड्रन', १९७८ मध्ये 'जनरल हॉस्पिटल'. नोव्हेंबर १९८१ मध्ये 'जनरल हॉस्पिटल'मधलं ल्यूक आणि लॉराचं लग्न सुमारे ३ कोटी लोकांनी पाहिलं. आता उलट टोक घ्या. नोकरदार स्त्रियांचं प्रमाण १९९९ च्या सुमारास ६० टक्क्यांवर जाऊन थांबलं आणि नंतर किंचित खाली आलं. मालिका एकामागून एक बंद पडल्या त्या यानंतर. कारण वाढत असताना परिणाम दिसत नाही, आणि कारण थांबल्यावर परिणाम कोसळतो. व्हायव्हाला असं गृहीतक घेऊन गेलात तर बाहेरचे परीक्षक चहा संपायच्या आत तुम्हाला संपवतील.

याचा अर्थ नोकरीचा संबंधच नाही असा नाही. संबंध आहे, पण थेट नाही आणि लगेचचाही नाही. त्याकडे येतोच. आधी आकडा म्हणजे काय ते बघू, कारण खरी गडबड तिथूनच सुरू होते.

नील्सन कंपनीचं रेटिंग ही टक्केवारी आहे. टीव्ही असलेल्या एकूण घरांपैकी किती टक्के घरांत तो कार्यक्रम लागला होता, एवढंच ती सांगते. आपण 'टीआरपी' म्हणतो ते याच कुळातलं. टक्केवारी आली की छेद आला, आणि छेद कुणी बघत नाही. १९६३-६४ च्या हंगामात 'ॲज द वर्ल्ड टर्न्स'चं रेटिंग १५ च्या आसपास होतं. तेव्हा टीव्ही असलेली घरं साधारण ५ कोटी, म्हणजे ७५ लाख घरं. १९८०-८१ मध्ये पहिल्या क्रमांकावरच्या 'जनरल हॉस्पिटल'चं रेटिंग ११ च्या आसपास, घरं साधारण ८ कोटी, म्हणजे ८८ लाख घरं. रेटिंग चार अंकांनी 'घसरलं' आणि बघणारी घरं १३ लाखांनी वाढली. क्रमांकाचाही असाच घोटाळा. 'द यंग अँड द रेस्टलेस' १९८८ च्या अखेरीपासून पहिल्या क्रमांकावर आहे. तेव्हा तिचं रेटिंग ८ च्या आसपास होतं, वीस वर्षांनी ४ च्याही खाली. क्रमांक तोच, वर्ग मात्र अर्धा रिकामा.

आता बेसलाइन. १९८१ पासून आलेख काढला की उतार भयानक दिसतो, आणि बहुतेक लेख तिथूनच काढतात. पण १९८१ हे सर्वसाधारण वर्ष होतं का? १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'जनरल हॉस्पिटल' बंद पडायच्या बेतात होती. १९७८ मध्ये ग्लोरिया माँटी निर्माती म्हणून आल्या, वेग वाढवला, तरुण पात्रं पुढे आणली आणि कॉलेजची मुलं हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये जमून मालिका बघायला लागली. (या लोकप्रिय जोडीच्या कथेची सुरुवात बलात्काराच्या प्रसंगातून झाली होती, हे 'सुवर्णकाळा'च्या आठवणी काढताना सोयीस्कर विसरलं जातं.) असा अपवादात्मक शिखरबिंदू शून्य धरून मोजलं तर कुठलीही गोष्ट घसरलेलीच दिसेल. आणखी एक गंमत म्हणजे नील्सन तेव्हा घरातले टीव्ही मोजत होती. घराबाहेर राहणारे कॉलेजचे विद्यार्थी मोजणीत आले ते २००७ साली. ज्या तरुण प्रेक्षकांचं एवढं कौतुक झालं, त्यांतले हॉस्टेलवरचे आकड्यांत नव्हतेच, आणि मोजायला सुरुवात झाली तेव्हा कॉमन रूममधली ती गर्दी कधीच पांगली होती.

ओ. जे. सिम्प्सन खटल्याबद्दल थोडक्यात. १९९५ मध्ये महिनोन्‌महिने दुपारचं प्रक्षेपण खटल्याने खाल्लं, सवय मोडली, प्रेक्षक परतले नाहीत, असं सांगतात. त्या वर्षी फटका बसला हे खरं. पण उतार त्याच्या दहा-बारा वर्षं आधीपासून सुरू होता. घटनेच्या आधीचा कल न तपासता घटनेला कारण ठरवायचं नाही, एवढंच.

आता मूळ मुद्दा. माझं स्वतःचं काम पाणपक्ष्यांच्या गणनेवर आहे, त्यामुळे कुठलीही घटती संख्या दिसली की मी आधी विचारतो : मरतायत की जन्मत नाहीयेत? तळ्यावर यंदा पाचशे पक्षी कमी दिसले, तर प्रौढ पक्षी मेले असतील, दुसऱ्या तळ्यावर गेले असतील, किंवा गेली कित्येक वर्षं पिल्लंच जगली नसतील आणि ते आज दिसतंय. एकूण संख्या तिन्ही वेळा सारखीच घटते, उपाय मात्र तीन वेगळे. रेटिंग ही अशीच एकूण संख्या आहे. जुने प्रेक्षक सोडून गेले की नवे आलेच नाहीत, हे ती सांगू शकत नाही.

आणि या मालिकांना नवे प्रेक्षक यायचे कसे? जाहिरात बघून नाही. शाळेतून आलेली मुलगी आईशेजारी किंवा आजीशेजारी बसायची, 'ही कोण?' विचारायची, आणि आजी तिला वीस वर्षांची कहाणी सांगायची. नोकरीचा परिणाम मला इथे दिसतो. १९७५ साली कामाला लागलेल्या बाईने मालिका सोडली असं नाही, नंतर व्हीसीआर आल्यावर तर कित्येकींनी ती रेकॉर्ड करून रात्री पाहिली. पण दुपारी तिच्याशेजारी मुलगी बसली नाही. ती मुलगी प्रेक्षक झाली नाही हे आकड्यांत दिसायला पंधरा-वीस वर्षं लागतात. असं मांडलं की वर खोटा ठरलेला कालक्रम जुळायला लागतो. हे अजून गृहीतकच आहे, सिद्धांत नव्हे. पण निदान तपासता येईल असं आहे.

रॉबर्ट सी. ॲलन यांचं 'स्पीकिंग ऑफ सोप ऑपेराज' (१९८५) इथे उपयोगी पडतं. त्यांचं म्हणणं साधारण असं : बाहेरून बघणाऱ्याला मालिकेत काहीच घडत नाही असं वाटतं, कारण तो फक्त घटना मोजतो. नेहमीच्या प्रेक्षकाला मात्र एकच बातमी पाच जणांना पाच वेळा सांगितली गेली तरी कंटाळा येत नाही, कारण कोण कुणाला सांगतंय, त्या दोघांमध्ये पूर्वी काय झालं होतं, हे त्याला माहीत असतं. थोडक्यात, मालिकेची गोडी प्रेक्षकाच्या आठवणीत साठलेली असते. हे मान्य केलं तर 'प्रेक्षक टिकवणे' याचा अर्थच बदलतो. आठवण असलेला प्रेक्षक हे भांडवल ठरतं.

नेटवर्कने नेमकं उलटं केलं. जाहिरातीचा दर ठरायचा तो मुख्यतः १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांच्या संख्येवर. १९७० मध्ये विशीत असताना बघायला लागलेली बाई २००० साली पन्नास वर्षांची होते. त्या वाढदिवसाला ती टीव्हीसमोरून उठत नाही, फक्त हिशेबातून उठते. तीस वर्षं निष्ठेने बघणारी प्रेक्षक आणि कधीच न बघणारी स्त्री, दोघींची किंमत त्या रकान्यात सारखीच. त्यामुळे आहे तिला गृहीत धरायचं आणि नाही तिच्यामागे धावायचं. चाळिशीपुढच्या पात्रांना कोपऱ्यात ढकललं गेलं, रेटिंगच्या खास मोजणीच्या महिन्यांत अपघात, वादळं, अपहरणं आली. सॅम फोर्ड यांनी लक्ष्यगटाबाहेरच्या या प्रेक्षकांचा मुद्दा सातत्याने मांडला आहे. ते सहसंपादक असलेला 'द सर्व्हायव्हल ऑफ सोप ऑपेरा' (२०११) हा ग्रंथ जरूर वाचा. अभ्यासक, लेखक, चाहते सगळे त्यात बोलतात. माझी तक्रार एवढीच की शीर्षकापासूनच त्याचा रोख 'वाचवायचं कसं' याकडे आहे, आणि मालिका डोळ्यांसमोर बंद पडत असताना लिहिलेलं असल्याने ते समजण्यासारखंही आहे. शांतपणे मागे वळून बघायचं तर एलाना लेव्हिन यांचं 'हर स्टोरीज' (२०२०) घ्या. पैशाचा व्यवहार, कथानकं आणि समाज हे तिन्ही धागे त्यात एकत्र येतात. मात्र ते इतिहासकाराचं पुस्तक आहे, पिढीगत गणित त्यात शोधू नका.

'गायडिंग लाइट'चा शेवटचा प्रयोग या चुकीचा नमुना म्हणून बघावा. फेब्रुवारी २००८ पासून मालिकेने हातातले डिजिटल कॅमेरे घेतले आणि बरंच चित्रीकरण न्यू जर्सीतल्या पीपॅक गावातल्या खऱ्या घरांत, रस्त्यांवर करायला सुरुवात केली. हेतू खर्च कमी करण्याचा, आव वास्तवतेचा. सुरुवातीचे भाग डळमळीत आहेत, आवाजही नीट नाही. पण माझा आक्षेप तांत्रिक नाही, तंत्र पुढे सुधारलंही. आक्षेप असा की जुन्या प्रेक्षकासाठी त्या ओळखीच्या बैठकीच्या खोल्या हीच आठवण होती, आणि तीच मोडून नव्या प्रेक्षकासाठी जागा केली गेली. नवा प्रेक्षक आला नाही. १ एप्रिल २००९ ला मालिका बंद करण्याची घोषणा झाली.

मग जुनी पात्रं परत आणली की प्रेक्षक टिकतो? 'जनरल हॉस्पिटल'ने २०१२-१३ मध्ये, पन्नाशीच्या निमित्ताने, तसं केलं आणि रेटिंग सुधारलं. उड्या मारायच्या आधी थांबा. त्याच सुमारास स्पर्धक मालिका बंद झाल्या होत्या, त्यातलं एक लेखक-निर्माता पथक आणि काही पात्रंही इकडे आली होती, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये वेळही बदलली होती. एका वाढीला चार दावेदार. माझ्या युक्तिवादाला हे उदाहरण सोयीचं आहे, म्हणूनच ते पुरावा म्हणून वापरणार नाही.

२४ फेब्रुवारी २०२५ ला सीबीएसने 'बियाँड द गेट्स' ही नवी मालिका सुरू केली. १९९९ च्या 'पॅशन्स'नंतर मोठ्या नेटवर्कवरची ही पहिली नवी दुपारची मालिका, केंद्रस्थानी कृष्णवर्णीय कुटुंब. 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' हटवून २०१० मध्ये तिथे 'द टॉक' हा स्वस्तातला गप्पांचा कार्यक्रम आणला होता. 'द टॉक' बंद करून त्याच वेळेत ही मालिका आली, आणि निर्मितीत तीच साबणवाली प्रॉक्टर अँड गॅम्बल. इथे जन्माचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवता येईल.

यावर काम करायचं असेल तर नील्सनची तपशीलवार आकडेवारी विकत घ्यावी लागते, विद्यार्थ्याच्या खिशाला ते परवडणार नाही. अमेरिकन टाइम यूज सर्व्हे मात्र फुकट उतरवून घेता येतो. २००३ पासून दरवर्षीचा आहे. माणूस दिवसाच्या कुठल्या वेळी काय करत होता आणि बरोबर कोण होतं, दोन्ही नोंदवलेलं असतं. दुपारी टीव्हीसमोर मुलांसह बसलेल्या स्त्रिया वयोगटानुसार वेगळ्या काढता येतील. कार्यक्रमाचं नाव मिळणार नाही, आणि २००३ च्या आधीचं काहीच नाही, म्हणजे माझ्या गृहीतकातला सगळ्यात महत्त्वाचा काळ त्यात सापडत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये पहिला देशव्यापी टाइम यूज सर्व्हे केला, २०२४ मध्ये दुसरा. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदी आहेत. मराठी मालिकांवर सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.