डोंगराचा मृत्युलेख

मोठे माणूस गेले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मृत्युलेख येतो. वाचणाऱ्याला त्यातून तीन गोष्टी हव्या असतात. गेलेली व्यक्ती कोण होती, तिने काय केले आणि ती कशाने गेली. अलीकडे असे मृत्युलेख निसर्गातल्या खुणांचेही लिहिले जातात. २००३ साली अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातला दगडी चेहरा कोसळला. २०१७ साली माल्टाची प्रसिद्ध खडक-खिडकी समुद्रात गेली. २०२१ साली गालापागोस बेटांजवळची डार्विनची कमान पडली. दर वेळी बातम्या आल्या, हळहळ व्यक्त झाली, शाळांच्या फलकांवर कात्रणे लागली. पुढे ‘नाहीशी झालेली निसर्गाची आश्चर्ये’ अशा मथळ्याच्या याद्या निघू लागल्या. त्या याद्यांत या तिघांच्या शेजारी ब्राझील आणि पॅराग्वेच्या सीमेवरचा एक धबधबा आणि आइसलंडमधली एक हिमनदीही येऊन बसली.

आमची तक्रार या शेजाराबद्दल आहे. यादीत नाव असते, देश असतो, साल असते, सुंदर चित्र असते. ‘कशाने गेले’ हा रकाना मात्र बहुधा नसतोच. असला तर तिथे ‘काळाच्या ओघात’ अशी गुळगुळीत शब्दयोजना असते. विज्ञानाच्या शिक्षकाच्या दृष्टीने सारा पाठ त्याच रकान्यात आहे. म्हणून या खुणांच्या मृत्युलेखांपैकी काही आम्ही जरा टीकाकाराच्या नजरेने वाचायचे ठरवले. मृत्युलेख म्हणजे छापील मजकूरच असे नाही. स्मारक, पाटी, नवे नाव, कविता, हेही मृत्युलेखच.

न्यू हॅम्पशायरचा चेहरा आधी घेऊ. कॅनन नावाच्या डोंगराच्या कड्यावर ग्रॅनाइटचे पाच थर पुढे आले होते. खालच्या तळ्याकडून पाहिले की कपाळ, नाक, हनुवटी स्पष्ट दिसे. चेहरा सुमारे १२ मीटर उंच, आणि तळ्यापासून साडेतीनशे मीटरहून अधिक उंचीवर. १८०५ साली मोजणीदारांनी तो पाहिल्याची नोंद आहे. १९४५ साली ते राज्याचे अधिकृत चिन्ह झाले, २००० साली नाण्यावरही आले. ३ मे २००३ च्या पहाटेपूर्वी, धुक्यात, कोणाच्याही देखत नव्हे, तो चेहरा खाली आला. त्याला वाचवण्याचे प्रयत्न आधीपासून चालू होते. १९१६ साली एका खाणकामगाराने वर चढून कपाळाचे दगड लोखंडी सळ्यांनी आवळले. १९५८ नंतर फटी बुजवण्यात आल्या आणि एका कुटुंबाच्या दोन पिढ्या दर उन्हाळ्यात दोरांवर लोंबकळून डागडुजी करत राहिल्या.

हे प्रयत्न का फसले, हे सहावीच्या मुलालाही समजते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. फटीत शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठते, फट रुंदावते. वितळले की आणखी खोल शिरते. हेच चक्र हजारो वर्षे चालल्यामुळे कड्याचे बाकीचे दगड सुटून पडले आणि उरलेल्या पाच थरांना चेहऱ्याचा आकार आला. म्हणजे चेहरा ज्याने कोरला त्यानेच तो पाडला. छिन्नी थांबवायची आणि मूर्ती ठेवायची अशी सोय इथे नव्हती.

चेहऱ्याचे स्मारक २०११ साली तळ्याकाठी झाले. स्मारक म्हणून ते आम्हांला हुशारीचे वाटते. तिथे पोलादाचे सात उंच खांब तिरपे उभे केले आहेत आणि त्यांच्या वरच्या टोकांना उंचवटे आहेत. आपल्या उंचीनुसार ठरवून दिलेल्या जागी उभे राहून कड्याकडे पाहिले की ते उंचवटे कड्याच्या कडेला जुळतात आणि गेलेला चेहरा पुन्हा दिसतो. एक पाऊल बाजूला सरका, तो मोडतो. प्लॅस्टिकचा नवा चेहरा वर बसवावा अशाही सूचना त्या वेळी झाल्या होत्या. त्यांच्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे, कारण तो चेहरा डोंगरात जेवढा होता तेवढाच पाहणाऱ्याच्या जागेत होता, हे खांब ते कबूल करतात. दृष्टिरेषेचा पाठ घ्यायला याहून चांगले साधन नाही. मात्र मृत्युलेख म्हणून ते अपुरे आहे. ते चेहऱ्याबद्दल बोलते, खडकाबद्दल बोलत नाही. खांबाच्या रेषेतून दिसतो तो कालचा आकार. त्याच कड्यावर आजही पाणी गोठते आहे, तिकडे नजर जात नाही.

माल्टाच्या खिडकीचे लिखाण याहून उथळ. गोझो बेटावरची चुनखडकाची ही कमान २८ मीटर उंच होती. ८ मार्च २०१७ च्या सकाळी वादळात ती पडली. कमानीवरून चालायला आधीच दंड लावलेला होता, आणि लाटांची झीज अटळ आहे असे तज्ज्ञांचे अहवालही होते. तरी बातम्यांचा सूर असा, की कोणी येऊन ती चोरून नेली. तिच्या जागी चकचकीत पोलादाची कमान उभारावी असा एक प्रस्तावही पुढे आला. आम्ही त्यावर जागा खर्च करत नाही.

पण आपल्या भूगोलाच्या पुस्तकाबद्दल बोलले पाहिजे. सागरी झिजेची आकृती बहुतेक पुस्तकांत असते: कडा, गुहा, कमान, स्तंभ. मुले नावे पाठ करतात, परीक्षेत ‘आकृतीतील भाग ओळखा’ असा प्रश्न येतो आणि गुण मिळतात. चारही भूरूपे एकाच चित्रात, एकाच वेळी, शेजारीशेजारी उभी असल्यामुळे मुलांना ती आंबा, फणस, चिंच यांच्यासारखी चार वेगळी झाडे वाटतात. ती एकाच खडकाच्या आयुष्यातली चार वये आहेत, हे त्या आकृतीतून कळत नाही. माल्टाची बातमी म्हणजे कमान आणि स्तंभ यांच्यामधल्या, आकृतीत न काढलेल्या बाणाची बातमी होती. त्यातही एक खुबी अशी, की तिथे कमानीबरोबर तिला पेलणारा खांबही गेला, म्हणजे स्तंभाची पायरी गाळूनच गोष्ट संपली. निसर्ग पाठ्यपुस्तक वाचून वागत नाही.

डार्विनच्या कमानीने मात्र पुस्तकाचे ऐकले. १७ मे २०२१ रोजी मधला भाग पडला आणि दोन खांब उरले. तिथे पाणबुडीसाठी जाणाऱ्यांनी त्यांना ‘उत्क्रांतीचे स्तंभ’ म्हणायला सुरुवात केली. आम्ही वाचलेल्या मृत्युलेखांत हा सर्वांत लहान, दोनच शब्दांचा, आणि सर्वांत नेमका. कोणाचे नाव, कसला बदल, आणि आता काय उरले, हे सगळे त्यात आले.

आता धबधबा. पाराना नदीवर, ब्राझील आणि पॅराग्वेच्या सीमेवर, ‘सात धबधबे’ या अर्थाच्या नावाचा प्रपातांचा समूह होता. त्याला ग्वाइरा असेही म्हणत. प्रपात सातापेक्षा पुष्कळ जास्त होते. नाव त्यांच्या सात गटांवरून पडलेले. उंचीने तो पहिल्या ओळीतला नव्हता, पण पाण्याच्या राशीने जगातल्या सर्वांत मोठ्यांत मोडे. नायगाऱ्याच्या कितीतरी पट पाणी तिथून जाई. तिथला खडकही आपल्या ओळखीचा: दख्खनच्या पठारासारखाच, लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला बेसाल्ट. १९६१ साली तो परिसर राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. १९७३ साली दोन्ही देशांनी इताइपू धरणाचा करार केला. १९८१ साली सरकारी हुकमानेच राष्ट्रीय उद्यान रद्द झाले. १३ ऑक्टोबर १९८२ रोजी धरणाची दारे बंद झाली आणि चौदा दिवसांत सुमारे १,३५० चौरस किलोमीटरचा जलाशय भरला. धबधबा धरणाच्या वर दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावर होता. भिंत तिथून दिसतही नव्हती, पाणी तेवढे चढत आले.

या तारखा आम्ही मुद्दाम एकापाठोपाठ लिहिल्या. त्यांत वादळ नाही, भूकंप नाही, गोठणारे पाणी नाही. करार आहे, हुकूम आहे, दारे आहेत. तरी याद्यांमध्ये लिहिलेले असते, ‘१९८२ साली धबधबा पाण्याखाली गेला.’ गेला! जणू तो स्वतःच्या पायांनी गेला. या एका क्रियापदाशी आमचे भांडण आहे. मराठीला इथे शब्दांची वाण नाही. बुडणे आणि बुडवणे, आटणे आणि आटवणे, पडणे आणि पाडणे, प्रत्येक जोडी आपल्याकडे तयार आहे, आणि प्रयोजक क्रियापद मुले व्याकरणाच्या तासाला शिकतातच. माल्टाची कमान पडली. ग्वाइराचा धबधबा बुडवला. या दोन वाक्यांतला फरक भाषेचा आहे तसाच विज्ञानाचाही आहे. पहिल्यात कर्ता शोधला तर लाट सापडते. दुसऱ्यात कर्ता शोधला तर सह्या असलेला कागद सापडतो.

धबधबा बुडवला असे लिहिले म्हणजे धरण वाईट असे लिहिले, असा अर्थ कोणी काढू नये. इताइपूची क्षमता १४,००० मेगावॅट आहे. पॅराग्वेच्या विजेचा मोठा भाग तिथून येतो, ब्राझीलच्या कारखान्यांना आणि घरांना ती वीज मिळते. हा सौदा योग्य होता की नाही, यावर वर्गात जरूर वाद घालावा. पण वाद घालायला आधी तो सौदा होता हे तरी समजले पाहिजे. ‘गेला’ म्हटल्यावर वादाला जागाच राहत नाही.

याबाबतीत यादीकारांपेक्षा एका कवीने अधिक शास्त्रीय वृत्ती दाखवली. कार्लोस द्रुमंद द आंद्राद या ब्राझीलच्या थोर कवीने धबधब्याला निरोप देणारी कविता दारे बंद होण्याआधी, १९८२ सालीच, एका मोठ्या दैनिकात प्रसिद्ध केली. तिच्यात शोक आहे, पण तो आकाशाकडे पाहून केलेला नाही. जलविद्युत प्रकल्पाचे नाव ती सरळ घेते आणि दोष ‘त्यांना’ देऊन थांबत नाही, ‘आपण’ म्हणते. त्याच वर्षीच्या जानेवारीत, धबधबा बुडण्याआधी एकदा पाहून घ्यावा म्हणून जमलेल्या गर्दीच्या भाराने तिथला एक झुलता पूल तुटला आणि तीसहून अधिक माणसे मेली. एवढे माणसांचे प्रेम त्या जागेवर होते, पण ते जागे झाले सह्या वाळल्यानंतर नऊ वर्षांनी.

आइसलंडच्या हिमनदीचा मृत्युलेख सर्वांत गाजला. ओक नावाच्या ज्वालामुखीच्या माथ्यावर ही हिमनदी होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तिचे क्षेत्र पंधरा चौरस किलोमीटरच्या आसपास होते. २०१४ साली तिथल्या हिमनदीतज्ज्ञांनी तिला हिमनद्यांच्या यादीतून काढले. कारण असे: बर्फाचा थर पुरेसा जाड असला तरच तो स्वतःच्या वजनाने सरकतो. सरकतो तोवर ती नदी. सरकायचा थांबला की उरतो तो नुसता साचलेला बर्फ. ‘हिमनदी’ या आपल्या शब्दातच ही व्याख्या आहे, हे वर्गात सांगायला विसरू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत एका खडकावर तांब्याच्या रंगाची पाटी बसवली. मजकूर आंद्री स्नाइर माग्नासोन या लेखकाचा, भविष्यातल्या वाचकाला उद्देशून. पुढच्या दोनशे वर्षांत देशातल्या सगळ्या हिमनद्या याच वाटेने जातील असा अंदाज त्यात आहे. काय होते आहे आणि काय करायला हवे ते आम्हांला ठाऊक आहे, आम्ही ते केले की नाही हे तुम्हांलाच कळेल, असा त्याचा आशय.

मजकूर हृद्य आहे. पण त्यात एक अळणी जागा आहे: ‘काय होते आहे’ ते कोणते, हे शब्दांत सांगितलेलेच नाही. ते काम तळाशी कोरलेल्या एका आकड्यावर सोपवले आहे: ऑगस्ट २०१९, कार्बन डायऑक्साइड ४१५, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४१५ भाग. पाटीवरची ही ओळ आम्हांला सर्वांत मोलाची वाटते, कारण दोनशे वर्षांनंतरचा वाचक भावना पडताळून पाहू शकणार नाही, आकडा पाहू शकेल. म्हणूनच तो काटेकोर हवा होता. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत ४१५ च्या जवळची मासिक सरासरी नोंदली गेली ती मे २०१९ मध्ये. ऑगस्टची सरासरी सुमारे ४१० होती. उत्तर गोलार्धातली वनराई उन्हाळ्यात पाने धरते, हवेतला वायू शोषते, म्हणून मे महिन्यातला शिखराचा आकडा ऑगस्टपर्यंत उतरतो आणि हिवाळ्यात पुन्हा चढतो. वर्षाची लाट खालीवर होते आणि दर वर्षी सबंध लाटच थोडी वर सरकते. पाटीने शिखराचा आकडा घेतला आणि समारंभाचा महिना शेजारी कोरला. हेतूबद्दल शंका नाही, पण धातूत कोरलेल्या मजकुराला शुद्धिपत्र जोडता येत नाही. शिक्षकांना मात्र या पाच अंकांच्या फरकातून प्रकाशसंश्लेषणाचा एक उत्तम तास मिळतो.

आणि क्रियापद? वितळली की वितळवली? इथे लाटही आहे आणि सहीही आहे, फक्त सही एकाची नाही. मुलांना हा प्रश्न घालून पाहावा. प्रत्येक वर्गात दोन तट पडतील असा आमचा अंदाज आहे.

आपल्या घराजवळचे उदाहरण कोणी मागेल. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट टेकडी आहे. सुमारे ६१ मीटर उंच, उभ्या बेसाल्ट स्तंभांची, दख्खनच्या लाव्हाच्या काळातली. तिच्या माथ्यावर देऊळ आहे आणि पायथ्याशी इमारती आणि झोपड्या थेट भिडल्या आहेत. तिला १९५२ साली संरक्षण जाहीर झाले, तरी भोवतीचे खाणकाम आणि इतर कामे २००७ साली महापालिकेने तिला वारसा दर्जा दिल्यावर बंद झाली. ती नाहीशी झालेली नाही, म्हणून तिचे नाव कुठल्याच यादीत नसते. जोगेश्वरीच्या बाजूला तसेच स्तंभ होते, ते खाणींनी काढून नेले. त्यांच्यासाठी पाटी नाही, नवे नाव नाही, कविता नाही. मुंबईतल्या शाळांनी तिथे सहल नेली, तर वर चढण्याआधी मुलांना टेकडीला खालून एक फेरी घालू द्यावी आणि वहीत दोन रकाने आखायला सांगावे: निसर्गाने दिलेला कडा कोणता, आणि खाणीने दिलेला कोणता.