पातळ तळाचे बूट आणि ‘नेचर’चा पेपर : निष्कर्ष कुठे थांबतो?

गणपतीला धामापूरला गेलो होतो. चुलतभाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज पहाटे तलावाकडच्या रस्त्यावर १६०० मीटरचा सराव. त्याने मोबाईल पुढे केला. “दादा, हे पातळ, कडक तळाचे घेव काय? नेचरात सिद्ध झालेला आसा म्हणतत.”

प्रश्न बुटांचा वाटतो, पण आहे पेपर वाचण्याचा. संशोधनाकडे वळणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी म्हणून हा लेख.

तो पेपर २०१० चा, डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांचा. अनवाणी धावायची सवय असलेले लोक बहुधा चवड्यावर उतरतात आणि टाचेवर उतरणाऱ्यांपेक्षा त्यांना जमिनीचा पहिला धक्का कमी बसतो, असं त्यांनी मोजलं. मोजमाप उत्तम. पण मोजलं काय? धक्का. दुखापती मोजल्याच नाहीत. ‘धक्का कमी म्हणजे दुखापत कमी’ ही पायरी वाचकांनी आणि जाहिरातवाल्यांनी जोडली. शिवाय निधीची ओळही वाचा: काही पैसा व्हायब्रम या बूट कंपनीकडून आलेला होता. पेपर त्यामुळे खोटा ठरत नाही, पण तुम्ही सावध व्हायला हवं. याच कंपनीने २०१४ मध्ये आरोग्याच्या दाव्यांवरचा अमेरिकेतला खटला ३७.५ लाख डॉलरला मिटवला.

२०१३ मध्ये दोन गोष्टी झाल्या. केनियातल्याच अनवाणी दासनच लोकांपैकी बरेचजण आरामाच्या वेगात टाचेवर उतरताना दिसले. म्हणजे ‘नैसर्गिक पद्धत’ एकच नाही. दुसरं, अमेरिकेत ३६ सरावलेल्या धावपटूंपैकी १९ जणांना दहा आठवड्यांत पातळ बुटांकडे वळवलं. त्यातल्या १० जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली आढळली.

आता ‘कडक’चं बघू. लक्झेंबर्गच्या गटाला २०१४ मध्ये २४७ धावपटूंत कडक-मऊ तळाचा दुखापतीवर फरक दिसला नाही. त्याच गटाने पुढे ८४८ जण घेतले, तेव्हा (२०२०) कडक तळ घालणाऱ्यांत दुखापतीचा धोका जास्त निघाला. ‘फरक दिसला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एवढं वहीत लिहून ठेवा. आणि तिथले दोन्ही बूट नेहमीचे, जाड तळाचेच होते. म्हणजे पातळ आणि कडक हे दोन वेगळे चल. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही.

आपल्याकडे लगेच लता करे यांचं नाव निघतं. नऊवारीत, अनवाणी धावून त्यांनी बारामतीची शर्यत जिंकली. पण त्या नवऱ्याच्या उपचाराच्या पैशासाठी धावल्या होत्या. त्यांच्या जिद्दीला सलाम. बुटांबद्दलचा पुरावा मात्र तो नव्हे.

भावाला मी काय सांगितलं? भरती तोंडावर आहे, सवयीचे बूट बदलू नको. अंतर, वेग आणि बूट एकदम बदललेस तर पाय कशाने दुखला तेही कळायचं नाही. भरतीनंतर हौस असेल तर पातळ बूट घे, पण आधी आठवड्यातून थोडंसंच अंतर, आणि चवड्याचं हाड दुखायला लागलं की थांब.

तो म्हणाला, “म्हणजे नेचर चुकला?”

नाही. नेचर जिथे थांबला, तिथे आपण थांबलो नाही.