न आलेला तिसरा भाग

साहित्यकृतीचे मूल्यमापन करताना जे लिहिले गेले आहे त्याचाच विचार करावा, जे लिहिले गेले नाही त्याच्या मागे लागू नये, हा दंडक सर्वसामान्यपणे योग्यच आहे. या दंडकामुळे समीक्षा लेखकाच्या चरित्रातील कुतूहलापासून दूर राहते आणि कृतीच्या घाटाशी बांधलेली राहते. परंतु काही कृती अशा असतात की त्यांच्या न लिहिलेल्या भागाची जाणीव त्यांच्या लिहिलेल्या भागातच पेरलेली असते. ग्रंथाच्या शीर्षपृष्ठावर ‘पहिला भाग’ हे शब्द आले की लेखक आणि वाचक यांच्यामध्ये एक करार होतो. तो करार पुढे पाळला गेला नाही, तर हाती असलेल्या भागाचा अर्थ काय लावावयाचा, हा प्रश्न चरित्रकाराचा उरत नाही. तो समीक्षेचाच प्रश्न होतो. जपानी चित्रमालिकांचे चाहते कधीही न निघालेल्या पुढील भागाविषयी ज्या तळमळीने वाद घालतात, तिच्यात भाबडेपणाचा अंश असेल. पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न भाबडा नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी भारतीय साहित्यात ‘शेखर: एक जीवनी’ या हिंदी कादंबरीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. सच्चिदानंद हीरानंद वात्स्यायन ‘अज्ञेय’ यांच्या या कादंबरीचा पहिला भाग १९४१ साली व दुसरा १९४४ साली प्रसिद्ध झाला. संकल्प तीन भागांचा होता. तिसरा भाग वाचकांच्या हाती कधीच आला नाही. अज्ञेय ४ एप्रिल १९८७ रोजी दिल्लीत निवर्तले. म्हणजे दुसऱ्या भागानंतर सुमारे त्रेचाळीस वर्षे ते हयात होते, आणि ती वर्षे वाङ्मयीन दृष्ट्या वांझ मुळीच नव्हती. ‘नदी के द्वीप’ व ‘अपने अपने अजनबी’ या कादंबऱ्या, कवितासंग्रहांची मोठी मालिका, ‘दिनमान’चे संपादकत्व, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार, १९७८ चा ज्ञानपीठ पुरस्कार हे सारे याच कालखंडातले आहे. लेखणी थांबलेली नव्हती, फक्त शेखर थांबला होता.

अपूर्णतेचे प्रकार येथे वेगळे करून पाहिले पाहिजेत. पहिला प्रकार मृत्यूमुळे घडणारा. ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’च्या प्रास्ताविकात दस्तयेवस्कीने आपली मुख्य कादंबरी पुढची आहे असे सांगून ठेवले, पण पहिली ग्रंथरूपाने येते न येते तोच १८८१ च्या आरंभी तो वारला. आपल्याकडे हरि नारायण आपटे १९१९ साली गेले तेव्हा ‘कर्मयोग’ अपुरीच राहिली होती. दुसरा प्रकार लेखकाने आपल्याच हाताने केलेल्या नाशाचा: गोगोलने ‘मृत जीव’च्या दुसऱ्या भागाचे हस्तलिखित १८५२ साली जाळून टाकले. या दोन्ही प्रकारांत शोककथा आहे, पण समीक्षेला कोडे असे फारसे नाही. तिसरा प्रकार मात्र खरोखर विचार करावयास लावणारा आहे. लेखक जिवंत आहे, लिहितो आहे, त्याची कीर्ती वाढते आहे, आणि तरीही तो त्या एका दारातून पुन्हा आत जात नाही. ‘शेखर’ या तिसऱ्या प्रकारात मोडते.

याचे कारण लेखकाच्या आळसात किंवा व्यग्रतेत शोधणे सोपे आहे. ते कादंबरीच्या रचनेतच शोधले पाहिजे. शेखर हा फाशीची शिक्षा झालेला क्रांतिकारक आहे. मृत्यूच्या उंबरठ्यावर उभा राहून तो आपले आयुष्य मागे वळून पाहतो, आणि त्या पाहण्यातून बालपण, कुटुंबातील बंड, शिक्षण, तुरुंग आणि शशी यांच्या आठवणी उलगडत जातात. स्वतः अज्ञेयांना १९३० साली क्रांतिकारक चळवळीतील सहभागाबद्दल अटक झाली होती व दिल्लीच्या तुरुंगवासाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तुरुंगातून जैनेंद्रकुमारांकडे आलेल्या त्यांच्या कथांवर लेखकाचे खरे नाव घालता येत नव्हते, आणि त्यातूनच ‘अज्ञेय’ हे नाव जन्मास आले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तीव्र वेदनेच्या एका रात्रीत जे दर्शन घडले ते शब्दांत बांधण्याचा हा यत्न आहे, अशा आशयाचे निवेदन त्यांनी कादंबरीच्या भूमिकेत केले आहे. हे निवेदन नीट ध्यानात घेतले पाहिजे. या कादंबरीची एकात्मता घटनांच्या साखळीत नाही, ती त्या एका रात्रीच्या दृष्टिबिंदूत आहे. सर्व आठवणींना अर्थ मिळतो तो त्या उंचीवरून पाहिल्यामुळे.

आता असे दृष्टिबिंदू टिकतात किती काळ? १९४३ साली अज्ञेयांच्या संपादनाखाली ‘तार सप्तक’ प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ते ब्रिटिश हिंदी सैन्यात दाखल झाले. १९४६ पर्यंत ते तेथे होते. म्हणजे दुसरा भाग वाचकांच्या हाती पडला तेव्हा त्याचा लेखक ज्या सरकारने त्याला बंदिवान केले होते त्याच सरकारच्या गणवेशात होता. फॅसिझमविरुद्धच्या युद्धात उतरण्यामागे वैचारिक निष्ठा असू शकते, आणि यात विसंगती शोधून लेखकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. मुद्दा रचनेचा आहे. तिसऱ्या भागात शेखरला त्या कृत्यापर्यंत नेऊन पोहोचवावयाचे होते, ज्यासाठी तो फाशी जाणार आहे. शेखरचे मरण सार्थ वाटावयाचे तर निदान लिहीत असेपर्यंत तरी लेखकाला त्या मरणाच्या बाजूने उभे राहता आले पाहिजे. ज्याचा विश्वास दुसरीकडे वळला आहे त्याला ते मरण उपरोधाने लिहिता येईल, करुणेनेही लिहिता येईल. पण पहिल्या दोन भागांचा स्वर त्याला पुन्हा लावता येणार नाही. हे अनुमान आहे, पण ते कृतीच्या घडणीतून निघणारे अनुमान आहे.

‘शेखर’चे काही चाहते असे म्हणू शकतील की ही अपूर्णताच या कादंबरीला साजते, अर्ध्यावर तुटलेल्या आयुष्याची कथा अर्ध्यावर तुटावी, यात औचित्य आहे. हे मत आकर्षक आहे, परंतु ते मान्य करता येत नाही. शेखरचे आयुष्य तुटणार आहे हे आपल्याला पहिल्या पानापासून ठाऊक आहे. म्हणजे शेवट आपल्याजवळ आहेच. जे नाही ते शेवटापूर्वीचे कारण. वाचकाला शिक्षा कळली आहे, खटला मात्र कळलेलाच नाही. याचा नैतिक परिणाम दूरगामी आहे. शेखरचे असामान्यत्व आपण त्याच्याच साक्षीवरून स्वीकारतो. त्या साक्षीची उलटतपासणी करू शकेल अशी एकमेव गोष्ट म्हणजे त्याचे कृत्य, आणि तेच कादंबरीबाहेर राहिले आहे. त्यामुळे दुसऱ्या भागाच्या अखेरचा शशीचा मृत्यू नकळत त्या रिकाम्या जागेत येऊन बसतो. पतीने घराबाहेर घातलेल्या, नात्याने बहीण लागणाऱ्या त्या स्त्रीच्या यातनांनी शेखर घडतो. पण तिने त्याच्यासाठी जी किंमत मोजली तिचा हिशेब त्याने पुढे कसा चुकविला, हे आपल्याला कधीच समजत नाही. तिसऱ्या भागाचा अभाव हा कथानकातील लहानसा खळगा नाही. शशीच्या बलिदानाला उत्तर मिळाले की नाही, हा प्रश्न तो कायमचा उघडा ठेवतो.

या ठिकाणी मराठीतील एका त्रयीची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘तार सप्तक’मधील सात कवींपैकी गजानन माधव मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे मराठी घरांतले. गजाननरावांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीतून लिहिले. त्यांच्या ‘क्षिप्रा’ (१९५४), ‘सरहद्द’ (१९६२) आणि ‘जन हे वोळतु जेथे’ (१९६९) या तीन कादंबऱ्यांतून बिशू या नायकाची घडण आली आहे. येथेही स्वातंत्र्यपूर्व काळातील तरुण मन आहे, राजकीय खळबळ आहे, कुटुंबाशी व स्वतःशी चाललेला झगडा आहे. तीन भागांना पंधरा वर्षे लागली. आणि तरीही त्रयी पूर्ण झाली. असे का व्हावे? केवळ एका लेखकाची चिकाटी अधिक, असे म्हणून भागणार नाही. मुक्तिबोधांच्या त्रयीची एकात्मता एखाद्या क्षणात नाही. व्यक्तीचे मन आणि समाजाचे जीवन एकमेकांना घडवीत जातात त्या प्रक्रियेत ती आहे. प्रक्रियेला काळ मारक ठरत नाही, उलट काळ हेच तिचे द्रव्य असते. लेखक पंधरा वर्षांत बदलला तर तो बदल तिसऱ्या भागात सामावून घेता येतो. नायकाच्या नावाशी जडलेली पहिली दोन शीर्षके नसून नदीची आणि सीमेची आहेत, आणि तिसऱ्या शीर्षकात ‘जन’ येतात, ही गोष्ट या दृष्टीने सूचक आहे. या त्रयीत शेखरच्या धगीला तोड नाही असे कोणी म्हटल्यास ते नाकारण्याचे कारण नाही. धग आणि सातत्य यांची किंमत वेगवेगळी मोजावी लागते, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

मराठी कादंबरीने या पेचातून काढलेली आणखी एक वाट आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) एका पिढीवर जे गारूड केले ते ‘शेखर’ने हिंदीत केलेल्या गारुडाच्या जातीचे होते. पांडुरंग सांगवीकरचे पुढे काय झाले, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक होते. लेखकाने ‘कोसला’चा दुसरा भाग लिहिला नाही. १९७० नंतरच्या दशकात ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या चार कादंबऱ्या आल्या, त्यांचा नायक चांगदेव पाटील आहे आणि निवेदन प्रथमपुरुषी राहिलेले नाही. नाव बदलल्यामुळे लेखक पांडुरंगच्या स्वराला बांधील राहिला नाही. आणि तरी त्या स्वरानंतरचे जगणे त्याला लिहिता आले. ‘नदी के द्वीप’मधील भुवनविषयी असेच म्हणता येईल काय? पूर्णांशाने नाही. भुवन शेखरहून प्रौढ आहे, संयत आहे. परंतु शेखरवर असलेले मृत्यूचे ऋण भुवनच्या माथ्यावर नाही. चांगदेव पांडुरंगचा उत्तराधिकारी होऊ शकतो, कारण पांडुरंगने वाचकाला कसलेच वचन दिले नव्हते. भुवन शेखरचा उत्तराधिकारी होऊ शकत नाही, कारण शेखरने वचन दिले होते.

वचनाचा हा प्रश्न नेमाड्यांच्याच संदर्भात पुढे मराठीतही उभा राहिला. ‘हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ’ ही कादंबरी २०१० साली चार कादंबऱ्यांच्या मालिकेतील पहिली म्हणून प्रकाशात आली. त्यानंतरच्या दीड दशकात मालिकेतील पुढील कादंबऱ्या वाचकांपुढे आल्या नाहीत. मधल्या काळात २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार नेमाड्यांना मिळाला व २०१५ साली दिल्लीत तो प्रदान करण्यात आला. अशा वेळी समीक्षेपुढे दोन मोह उभे राहतात. पहिल्या भागातील उणिवा पुढील भागांत भरून निघतील असे म्हणून निर्णय लांबणीवर टाकणे, हा एक मोह. पुढील भाग आले नाहीत म्हणून पहिलाही फसला असे ठरविणे, हा दुसरा. दोन्ही सारखेच त्याज्य आहेत. न लिहिलेल्या ग्रंथाच्या नावावर लिहिलेल्या ग्रंथाला उधार देता येत नाही, आणि त्याच्या नावावर दंडही करता येत नाही.

वर मांडलेली कसोटी येथे लावून पाहिली पाहिजे: या कृतीची एकात्मता कोठे वसते? पुरातत्त्वाचा अभ्यासक असलेला खंडेराव वडिलांच्या अंतकाळी मोरगावी परततो, आणि त्या परतण्यात गाव, घराणे, जाती, पुराणे आणि उत्खननातले थर एकमेकांत मिसळून जातात. (अज्ञेयांचे वडील हीरानंद शास्त्री हे पुरातत्त्वज्ञ होते आणि अज्ञेयांचा जन्म कसया येथील उत्खननाच्या छावणीत झाला, हा योगायोग मनोरंजक आहे; त्याहून अधिक अर्थ त्याला देऊ नये.) शीर्षकातच अडगळ हा शब्द आहे. अडगळीच्या खोलीत आणखी चार वस्तू ठेवता येतात. न ठेवल्याने ती अपुरी ठरत नाही. म्हणून ‘हिंदू’ला पुढील भागांची जी गरज आहे ती लेखकाच्या संकल्पाची गरज आहे, कृतीच्या घाटाची नव्हे. ‘शेखर’च्या बाबतीत नेमके उलट आहे: तेथे घाटच तिसऱ्या भागाची मागणी करतो.

यातून समीक्षेसाठी एक व्यवहार्य भेद हाती येतो. संकल्पाने अपूर्ण आणि घाटाने अपूर्ण हे दोन वेगळे दोष आहेत, किंबहुना पहिला दोषच नाही. बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘पथेर पांचाली’ आणि ‘अपराजित’नंतर अपूच्या मुलाची कथा ‘काजल’ ही बिभूतिभूषणांचे पुत्र तारादास यांनी लिहिली. बापाच्या कथेत मुलाला शिरता आले, कारण त्या कथेचा घाटच पिढीकडून पिढीकडे वाहत जाणारा होता. ‘शेखर’चा तिसरा भाग कोणा दुसऱ्याने लिहावा, ही कल्पनाही मनाला रुचत नाही, त्या एका रात्रीचा साक्षीदार एकच होता, आणि सकाळ झाल्यावर त्यालाही ती रात्र परत मिळाली नाही.

या भेदाने ‘शेखर’चे थोरपण कमी होते असे नाही. आधुनिक भारतीय कादंबरीत व्यक्तिमनाचा इतका निर्भय शोध त्यापूर्वी क्वचितच घेतला गेला होता, आणि अशा निर्भयतेला पूर्णत्वाची हमी देता येत नाही हेही खरे आहे. पण थोरपण मान्य करूनही ऋण ऋणच राहते. शेखरवरची शिक्षा आपण वाचली आहे. त्याचा गुन्हा कोणता, आणि शशीच्या मरणाला तो पुरा पडला काय, हे विचारण्याचा वाचकाचा अधिकार त्या तिसऱ्या भागाबरोबर लोपलेला नाही. समीक्षेने तो वाचकाच्या वतीने बजावीत राहिले पाहिजे.