भाल्याच्या तीन वाटा

‘बॅटल फॉर वेसनॉथ’ या खेळातलं सगळ्यात देखणं पात्र कोणतं, असं कुणी विचारलं तर मी जादूगारांकडे न पाहता भालाइताचं नाव घेईन. डेव्हिड व्हाइट यांनी 2003 साली सुरू केलेला हा खेळ फुकट मिळतो आणि षटकोनी घरांच्या पटावर आळीपाळीने खेळतात. 14 मोहरांत मिळणारा भालाईत त्यातला साधा शिपाई: 36 हिट पॉइंट, 7-7 चे तीन वार. पण त्याच्या भाल्याला एक गुण दिलेला आहे. चाल कुणीही करून येवो, पहिला वार त्याचा.

हा गुण काय करतो ते संधिप्रकाशाच्या खेळीत पाहावं. दिवसाचा किंवा रात्रीचा फायदा तेव्हा कुणालाच नसतो. मोकळ्या गवतावर लान्स घेतलेला घोडेस्वार अंगावर येतो. त्याच्या मुसंडीचा नियम असा, की दोन्ही बाजूंचं नुकसान दुप्पट. त्याचे 9 चे दोन वार 18 चे होतात. दोन्ही लागले की 36, भालाईत बरोब्बर संपला. इकडे टोकदार हत्याराचा मार घोड्याला 20 टक्के जास्त बसतो, म्हणून भाल्याचे 7 वाढून आणि दुप्पट होऊन 17 होतात. स्वाराजवळ 38. दोन्ही बाजूंचे सगळे वार लागले, तर भालाईत तिसरा वार करण्याआधीच पडतो आणि स्वार 4 वर तगून राहतो. पण लान्सचा एक वार हुकला आणि भाल्याचे तिन्ही लागले, की 23 मोहरांचा स्वार जमिनीवर. गवतात दर वार लागण्याची शक्यता दोघांनाही 60 टक्केच. इतक्या थोड्या आकड्यांत एवढा थरार बसवणं ही रचनाकाराची थोरवी आहे.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे पाहताना मला हेच गणित दिसतं. ते खिळे हत्तींसाठी आहेत. स्वतःहून ते काहीच करत नाहीत. हत्ती जितक्या जोराने धडकेल, तितके त्याच्या कपाळात रुतणार. मुसंडी मारणाऱ्याचं बळ त्याच्यावरच उलटवायचं, हा विचार बाजीरावांच्या वाड्यात लोखंडात आहे, तर वेसनॉथमध्ये नियमात.

पुरेसा अनुभव मिळवला की भालाइताला तीन वाटा फुटतात. लांब भाला घेतला की 10 चे तीन वार आणि पहिल्या वाराचा मान कायम, पण फेकायला हाती काही नाही. तलवार घेतली की 8 चे चार वार. पहिला वार गेला, फेकणंही गेलं. फेकभाल्याच्या वाटेने गेला तर जवळून 8 चे तीन आणि दुरून 11 चे दोन, पहिला वारही शाबूत. सांगाड्यांच्या फौजेपुढे मात्र तिघेही लंगडे पडतात. तिथे गदा कामी येते.

बेरजेने तलवार 32 आणि लांब भाला 30, म्हणजे जवळपास सारखेच. तरी तलवारीचा स्वभाव वेगळा. चार लहान वारांत नशीब फारसं हेलकावत नाही. शिवाय या खेळात हल्ला करणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर मिळतं. सहा बाजूंनी घेरलेला तलवारबाज सहा वेळा नव्याने तलवार फिरवतो. विसर्जन मिरवणुकीत मर्दानी खेळाचं पथक आलं, की दांडपट्टा फिरवणाऱ्याभोवती जे रिंगण आपोआप मोकळं होतं, त्याचा न्याय हाच. पट्ट्याची मूठ लोखंडी खोबणीत असते, मनगट वळत नाही, म्हणून वार खांद्यातून आणि कमरेतून येतो. एकाला नेमकं टिपण्यापेक्षा अनेकांना लांब ठेवणं हे त्याचं काम. 2024 च्या शिवजयंतीला राज्यशस्त्राचा मान त्याला मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण माझी खरी ओढ विट्याकडे. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला: जवळ आला तर भोसका, दूर असला तर फेका, आणि दोरीने परत ओढून घ्या. वेसनॉथमधल्या फेकभालेवाल्याजवळ विट्याचे निम्मे गुण आहेत, म्हणून तिन्ही वाटांत मला तो सगळ्यात जवळचा. मात्र त्याचे भाले कधी संपत नाहीत, आणि तिथेच खेळ थोडा कच्चा वाटतो. फेकल्याची किंमत तो देतच नाही. विटेकरी ती देतो. विटा हवेत असतो त्या क्षणी त्याच्या हातात फक्त दोरी असते, आणि शत्रूलाही ते दिसत असतं.

वेसनॉथमधले शिपाई साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले असतात. कुणालाही नवा शिपाई घडवता येतो. माझा विटेकरी मी असा लिहीन: जवळून 7 चे तीन, पहिल्या वारासह, दुरून 12 चा एकच. आणि फेकल्यानंतर त्याची पुढची खेळी येईपर्यंत पहिल्या वाराचा मान त्याच्याकडे नाही.